बाईंनी गंगाखेडला धाडलेला डबा

बाईंचा फोन आला की कुणाचा फोन आहे ते शेवटी कळायचं, किंवा कळायचंच नाही. काम मात्र पहिल्या दमात कळायचं. "मूग संपला. तूर हाय. संकरित ज्वारीची गाडी उद्या सकाळी येतीय. पोचलं?" पलीकडचा माणूस अजून "हॅलो" म्हणायच्या बेतात असायचा, तोवर इकडं बाईंचं सगळं सांगून झालेलं. त्यानं "पोचलं" म्हटलं की त्या फोन ठेवायच्या. "हो" चालायचं नाही, "बरं बरं" तर अजिबात चालायचं नाही. एकदा आमच्या चेअरमननी वैतागून विचारलं, "अहो, निदान कोण बोलतंय ते तरी सांगाल?" बाई म्हणाल्या, "ते मागून सांगते. आधी पोचलं का सांगा." चेअरमन बिचारे "पोचलं" म्हणाले आणि बाईंनी फोन ठेवून दिला. कोण बोलत होतं ते राहिलंच.

मी शेजारच्या टेबलावर बसून हे रोज ऐकायचो. एके दिवशी न राहवून म्हणालो, "बाई, ही काय बोलायची रीत झाली?"

"भाऊ, आपल्याकडली तार कवा तुटंल सांगता येतंय का तुमाला?"

"न्हाई."

"मग ती हॅलो-हॅलो करन्यात कामून घालवायची?"

मी आपली पोत्यांची वही पुढं ओढली. बाईंपुढं माझं बहुतेक वेळा असंच व्हायचं, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

मी परभणीतल्या एका बियाणे संघात आवक-जावक बघायचो. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचं, आलेल्या पोत्यांची नोंद करायची, गेलेल्या पोत्यांचा पास फाडायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. असं माझं सरळ आयुष्य चाललं होतं. नव्वदच्या सुमाराला संघानं एक मोठं संगणक मशिन घेतलं आणि त्याच्यापाठोपाठ बाई आल्या. ताडकळसजवळच्या एका खेड्यातल्या, वडील शाळामास्तर, बौद्ध घर, आणि हातात इंजिनिअरिंगची पदवी. पुण्यात चांगली नोकरी मिळत असताना ती सोडून परभणीला आल्या म्हणून आमच्या कचेरीत त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक म्हणजे बाई अतिशहाण्या आहेत, आणि दुसरं म्हणजे बाई वेड्या आहेत. मी पहिला महिनाभर दोन्ही मतांचा होतो.

दिसायला बाई ठेंगण्या, साडी सुती आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मशिनच्या खोलीत चपला काढून जायचं असा नियम भिंतीवर लावलेला होता. बाई बूट घालून आत जायच्या. मॅनेजरनी हटकलं तर म्हणाल्या, "नियम धुळीसाठी हाय ना? माझे बूट रोज धुतलेले असतेत. तुमचे पाय बघा एकदा." मॅनेजरनी खरंच स्वतःच्या पायांकडं बघितलं आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते पाय धुऊन आले. संघाच्या इतिहासात एवढी सुधारणा कुठल्याच ठरावानं झाली नव्हती.

बाईंना कुणी विचारलं की तुम्ही कुठल्या विद्यापीठाच्या, तर त्या सरळ नामांतराच्या मागणीतलं नवं नाव सांगायच्या. त्या वेळी ते नाव अजून लागलेलं नव्हतं. त्यावरून मोर्चे निघत होते, गावंच्या गावं दोन बाजूंना उभी होती. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत बाईंच्या गावात काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पण नाव मात्र त्या ठणकावून घ्यायच्या. कुणी म्हणायचं, "अहो, अजून झालं नाही ते." बाई म्हणायच्या, "तुमच्याकडं पोचलं नसंल. मी परत सांगते." आणि परत सांगायच्या. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामांतर झालं. त्या दिवशी सगळीकडं बंदोबस्त, लोक चिडीचूप. बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आता त्यांच्याकडंबी पोचलं." मग खुर्चीत बसल्या आणि कामाला लागल्या. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की मी तिळगूळ तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या वर्षाचं.

संघाचं दुसरं मशिन गंगाखेडच्या गोदामात होतं. तिथलं बियाणं किती उरलं, किती गेलं, ते रोज तारेवरून आमच्या मशिनला कळावं अशी योजना होती. योजना औरंगाबादच्या मुख्य कार्यालयात झाली होती, म्हणजे कागदावर ती फार सुंदर चालत होती. प्रत्यक्षात पोखर्णीच्या पुढं टेलिफोनची तार बाभळींच्या रांगेतून जाते. वारा सुटला की तारेत खरखर, पाखरं बसली की खरखर, आणि काहीच नसलं तरी सवयीनं खरखर. लाइनमन म्हणाला, "बाई, पोखर्णीच्या नरसिंहाला एक नारळ फोडा." बाई म्हणाल्या, "नारळ तुमी फोडा. मी दुसरं कायतरी बघते."

दोन मशिनं एकमेकांशी बोलायची ती टीसीपी नावाच्या पद्धतीनं. जगभर तीच चालते, असं बाईंनीच मला सांगितलं होतं. अशा बोलण्याच्या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. या टीसीपीचा स्वभाव मोठा खानदानी. आधी विचारणार, "बोलू का?" पलीकडून उत्तर, "बोला, मी ऐकतोय." मग हा म्हणणार, "बरं, तुम्ही ऐकताय हे मला कळलं." इतकं झालं की कामाचं बोलणं सुरू. संपल्यावर पुन्हा निरोपानिरोपी. चांगल्या तारेवर हे शोभून दिसतं. आमच्या तारेवर "मी ऐकतोय" येईपर्यंत तार मेलेली असायची, आणि पुन्हा पहिल्यापासून "बोलू का?" सुरू. दिवसभर दोन मशिनं एकमेकांना नमस्कार घालत बसायची आणि तुरीचा आकडा गोदामातच राहायचा.

डिसेंबरात मुख्य कार्यालयातले साहेब आले. माणूस सज्जन, शिकलेला, हळू बोलणारा. त्यांनी दिवसभर तपासलं आणि म्हणाले, "बाई, दोष तुमचा नाही. पण गंगाखेड जोडलं जात नसेल तर एवढं मशिन परभणीत ठेवून उपयोग काय? औरंगाबादला नेतो. संक्रांतीनंतर खोकं घेऊन येईन."

बाई म्हणाल्या, "मी दुसरा प्रोटोकॉल लिहिते. हलका. आपल्या तारेला झेपंल असा."

"जग ज्याच्यावर चालतं ते तुम्हाला चालत नाही?"

"जगाकडं बोलाया येळ हाय, साहेब. गंगाखेडच्या तारेकडं न्हाई."

साहेब हसले. कुठंच जमलं नाही तर शेवटी परभणी आहेच, अशी निजामाच्या काळापासूनची एक म्हण आमच्या जिल्ह्याच्या मागं लागलीय, ती त्यांनी टाकली, "बघा बुवा. बनी तो बनी, नहीं तो परभणी."

"आमी तर परभणीतच हाव," बाई म्हणाल्या. "आमाला कुठं जायचंय? आमचं हितंच बनाया पायजे."

मशिन गेलं असतं तर माझं काही अडलं नसतं, पोती मी पूर्वीही मोजत होतो. बाईंचं मात्र सगळंच त्यात होतं. दर शनिवारी दुपारी गावातल्या कॉलेजच्या पोरी मशिन बघायला यायच्या. बाई त्यांना खुर्चीत बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. मॅनेजरनी विचारलं, ह्यांचं इथं काय काम? बाई म्हणाल्या, "मला मशिन बघाया औरंगाबादला जावं लागलं. ह्यांना कामून लावायचं?" पुण्याची नोकरी सोडली ती ह्याचसाठी, हे मला त्या दिवशी कळलं. मशिन औरंगाबादला गेलं की पोरींनीही औरंगाबादलाच जायचं, आणि त्यातल्या बहुतेकींना घरून कुणी जाऊ देणार नव्हतं.

तर बाई कामाला लागल्या. मशिन विकणाऱ्या कंपनीनं ते चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळा कोड बरोबर दिलेला होता. परभणीत तो कुणी उघडून बघेल अशी त्यांना धास्ती नसावी. बाईंनी उघडला. तारेवरून येणं-जाणं बघणारा भाग त्या सिस्टिमच्या अगदी आत, गाभ्यात असतो. तिथं हात घालायचा म्हणजे चालत्या गाडीचं इंजिन उघडण्यासारखं. काही चुकलं तर मशिन जागंच होत नाही. म्हणून बाई जुन्या सिस्टिमची एक प्रत बाजूला ठेवायच्या. तिला सासू म्हणायच्या आणि नवीला सून. सून रुसली की सासूला उठवायचं, कचेरीचं काम चालू करायचं आणि सुनेची समजूत काढत बसायचं. त्या हिवाळ्यात सून पुष्कळदा रुसली. मॅनेजर सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आज कोण आहे घरात?"

प्रोटोकॉल कसा असणार ते बाईंनी मला फरशीवर खडूनं काढून दाखवलं. त्या शाळेसाठी परभणीत राहायच्या तेव्हा ताडकळसहून एस.टी.नं त्यांचा डबा यायचा. आईनं सकाळच्या गाडीत ड्रायव्हरजवळ डबा द्यायचा, संध्याकाळच्या गाडीनं तो परत जायचा. मधे कुणी कुणाला "डबा धाडू का?" असं विचारत नव्हतं. संध्याकाळी डबा परत आला, म्हणजे पोरगी जेवली. नाही आला, तर आई दुसऱ्या दिवशी दुसरा डबा धाडायची. घरात डबे दोन, एकाच्या कडीला लाल दोरा. त्यामुळं कोणता पोचला आणि कोणता राहिला याचा घोळ नाही.

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. आकडा डब्यात घालायचा आन् धाडायचा. परत आला तर पोचला. न्हाई आला तर परत धाडायचा. आन् एक राह्यलं. परत येनारा डबा रिकामा यायचा न्हाई. त्यात गंगाखेडचा आकडा यायचा. एका फेरीत दोन कामं."

डबा रिकामा परत न देण्याची ही रीत मला चांगली ठाऊक होती, कारण ती माझ्याच घरी चालू होती. माझी बायको कधीमधी बाईंसाठी वाटीभर काहीतरी धाडायची, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याचं भरीत. वाहतूक माझ्याकडं. पहिल्यांदा वाटी परत आली तेव्हा माझ्या आईनं ती दोनदा घासायला लावली. वाटीत बाईंनी चार खारका घातलेल्या होत्या, त्या तिनं बाजूला ठेवल्या. पुढच्या खेपेला गूळ होता. त्याच्या पुढच्या खेपेला बाईंच्या आईच्या हातचे तिळाचे लाडू आले, आणि तेव्हापासून पिशवी दारातच माझ्या हातातून आई घ्यायला लागली. घासण्याचं मग कुणी नाव काढलं नाही.

संक्रांत तोंडावर आली आणि सून एकदाची नांदायला लागली. बाईंनी फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घातल्या, एस.टी. पकडली आणि गंगाखेडच्या मशिनमध्येही तेच बसवून आल्या. तिथलं गोदाम सांभाळणाऱ्याला सगळे मामू म्हणायचे. मामूंना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईंवर त्यांचा भारी जीव. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पहिला डबा सोडला. मशिनला तार जोडणाऱ्या पेटीवरचे दिवे लुकलुकले. परत लुकलुकले. लुकलुकतच राहिले. महिनोन्‌महिने जी पेटी मेल्यागत पडलेली असायची ती अशी जिवंत झाल्यावर आम्हाला काय आनंद झाला म्हणता! मॅनेजरनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले. पेढे संपेपर्यंत दिवे लुकलुकत होते. तेवढ्यात मामूंचा फोन आला.

"बाईजी, तुम्हारा डब्बा आया."

"पोचलं ना?"

"पोचलं, पोचलं. हमारा गया. फिर तुम्हारा आया, फिर हमारा गया, फिर तुम्हारा आया. सुबू से येइच चल रा. मैं क्या करूं?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पडद्यावर काहीतरी बघितलं आणि कपाळाला हात लावला. आमचा डबा गंगाखेडला गेला. गंगाखेडनं रीतीप्रमाणं आकडा घालून तो परत धाडला. डब्यात माल आहे म्हटल्यावर आमच्या मशिनला वाटलं, हा नवा डबा आला. रिकामा कसा परत द्यायचा? म्हणून त्यानंही काहीतरी घालून धाडला. गंगाखेडचं मशिनही तसंच संस्कारी. असे दोघे एकमेकांना सकाळपासून आग्रह करत बसले होते आणि दुसरा एकही आकडा तारेत शिरू शकत नव्हता. नमस्काराच्या घोळातून सुटलो ते आग्रहाच्या घोळात पडलो.

"रिकामा धाडा की मग," मॅनेजर म्हणाले.

"रिकामा धाडला तर फेऱ्या दुप्पट होतेत. ही तार तेवढं सोसत न्हाई," बाई म्हणाल्या. त्यानंतर चार-पाच दिवस त्या पडद्यासमोरून उठल्या नाहीत. फोनसुद्धा केला नाही.

त्या रविवारी बायकोनं त्यांना पिंगळीला जेवायला बोलावलं. बाई आल्या, येताना आमची वाटी घेऊन आल्या, वाटीत तिळाच्या वड्या. बायकोनं वड्या काढून ताटलीत ठेवल्या, वाटी विसळली आणि मांडणीवर पालथी घातली. बाई बघत होत्या.

"वहिनी, ह्या वाटीत आता काय घालून धाडनार?"

"कामून धाडू?" बायको म्हणाली. "आमचीच वाटी हाय ती. घरची वाटी घरी आली."

"पन मी वड्या घातल्या होत्या त्यात."

"त्या खानार की! खाल्ल्याबी दोन." बायकोनं वाटी उचलून तळ दाखवला. तिथं माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, आमच्या सगळ्याच भांड्यांवर आहे तसं. "हे बगा. तुमच्या घरचं भांडं आलं आसतं तर रिकामं न्हाई दिलं. हे मामंजीचं हाय."

बाईंनी वाटी हातात घेतली. ते नाव बोटानं चाचपलं. आणि एकदम इतक्या मोठ्यानं हसल्या की माळवदावरची चिमणी उडाली.

"भाऊ, मी आतला माल बघत बसले. भांडं कुनाचं ते बघितलंच न्हाई!"

बायकोला काही कळलं नाही. मला थोडं कळलं. बाई सांगायला लागल्या, "आमच्या गल्लीत भांड्यावर नाव कुनी कोरतच नव्हतं. वाटी एका घरून निगाली की फिरतच राह्यची. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, हरेक येळेला आत कायतरी हायच. कुनाची कोनती, कुनी इचारत नव्हतं. मी तसंच लिहिलं बगा, जसं आमच्या गल्लीत हाय तसं." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते काय चुकीचं न्हाई. गल्लीला ते चालतंय. दोन मशिनीला चालत न्हाई."

त्यांना तेव्हाच्या तेव्हा परभणी गाठायची होती. बायकोनं हात धरून बसवलं. "ताट वाढलंय. मशिनीला काय पोटं हायती?" बाई जेवल्या, पण जेवताना डाव्या हाताच्या बोटानं मांडीवर काहीतरी लिहीत होत्या.

बदल थोडासाच झाला. प्रत्येक डब्याच्या बुडाशी मालकाचं नाव आलं. डबा आला की मशिननं आधी बूड बघायचं. नाव दुसऱ्याचं असेल तर माल घे आणि डबा रिकामा परत देऊ नकोस. नाव आपलं असेल तर माल घे, डबा मांडणीवर पालथा घाल आणि गप बस.

संक्रांत झाली आणि साहेब ठरल्याप्रमाणं आले. बरोबर जीप, जीपवर बांधलेलं लाकडी खोकं, खोक्यात भुसा. मशिन बाहेर जायचं म्हणून मुख्य कार्यालयाचा हुकूम सकाळीच आला होता आणि त्याप्रमाणं मी पास लिहून ठेवला होता: जाणारा माल, संगणक, एक. लिहिताना मी पेन दोनदा खाली ठेवलं होतं. बाई शेजारून म्हणाल्या, "लिवा, भाऊ. तुमचं काम हाय ते."

साहेब खुर्चीवर बसले. बाईंनी मशिन बंद करून पुन्हा चालू केलं. चालू होताना ते आपल्याला कोणकोणते प्रोटोकॉल येतात त्यांची नावं पडद्यावर सांगायचं. बड्या बड्या नावांच्या खाली एक ओळ आली: डबा. इंग्रजी अक्षरांत होती, पण डबाच.

साहेब पुढं वाकले. "हे तुम्ही आत घातलंय? गाभ्यात?"

"भाईर ठेवलं आसतं तर हलकं नसतं राह्यलं."

बाईंनी डबा सोडला. दिवा लुकलुकला, थांबला, एकदा परत लुकलुकला आणि विझला. पडद्यावर गंगाखेडची तूर आली, ज्वारी आली, करडई आली. या सगळ्यापेक्षा माझा एक पास फाडायलाही जास्त वेळ लागतो. साहेब म्हणाले, "पुन्हा." पुन्हा आलं. मग साहेब उठले, डबा सोडल्या सोडल्या त्यांनी स्वतःच्या हातानं तार उपटली. जरा वेळानं त्यांनी ती परत खोचली. मशिननं वाट बघितली, तोच डबा पुन्हा धाडला, आणि तो परत आला. साहेबांनी मामूंना फोन लावून विचारलं, तिकडं आकडा एकदा मिळाला की दोनदा? मामू म्हणाले, "एकीच बार, साहब. बाईजी का हिसाब है."

साहेबांनी कोडचे छापील कागद मागितले आणि फरशीवरच मांडी घालून वाचायला बसले. भला माणूस, वरवर चाळले नाहीत. ओळीवर बोट ठेवून वाचले. एक प्रश्न विचारला, "दोन्हीकडून एकाच वेळी डबा निघाला तर?"

"रस्त्यात दोन एश्टी भेटत्यात, साहेब. डायव्हर एकमेकाला हात दावत्यात आन् फुडं जात्यात."

साहेबांनी शेवटचा कागद उलटला. मग कागद नीट जुळवत म्हणाले, "बाई, मी औरंगाबादला एवढी माणसं घेऊन बसलोय. आमच्यापैकी कुणाला हा भाग उघडून बघायचं धाडस झालं नाही." आणि मॅनेजरकडं वळून म्हणाले, "मशिन इथंच राहील."

मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या. मी बाईंकडं बघितलं. त्या रडत होत्या आणि बुटाची नाडी बांधत असल्याचं दाखवत होत्या. नाडी सुटलेली नव्हती.

जीपवाला खोकं परत बांधायला लागला तेव्हा बाई अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "थांब. रिकामं न्यायचं न्हाई." साहेब हसायला लागले, पण बाई हसत नव्हत्या. जानेवारीचा महिना, आमच्याकडं कशाचा तुटवडा? शिपायांना पिटाळलं. हुरड्याची कणसं आली, हरभऱ्याचे टहाळ आले, ऊस आला, कुणीतरी बोरांची पाटी आणली. भुशावर हे सगळं रचून झाल्यावर बाईंनी आतून फ्लॉप्यांचा स्टीलचा डबा आणला आणि टहाळांच्या मधोमध ठेवला. डब्याच्या बुडाशी त्यांनी खिळ्यानं संघाचं नाव खरवडलं होतं. "आत सगळा कोड हाय, साहेब. तुमच्या ज्या ज्या जिल्ह्यात तार रडती, तिथं घाला."

आता माल बाहेर चालला होता, म्हणजे पास माझा. सकाळचा मी फाडून टाकला आणि नवा लिहायला घेतला. हुरडा, टहाळ, ऊस, बोरं. मग जरा थांबलो, आणि लिहिलं: ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घालायचा प्रोटोकॉल, एक. पासवर "माल कुठं तयार झाला" असा रकाना असतो. इतकी वर्षं मी त्यात अकोला, हैदराबाद, कुठली कुठली नावं लिहीत आलो होतो. आमच्याकडं सगळंच बाहेरून यायचं. त्या दिवशी मी परभणी लिहिलं. "कुणी तयार केला" या रकान्यात बाईंचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं आणि आडनाव लिहिलं, पूर्ण. बाई म्हणाल्या, "भाऊ, एवढं कशाला?" त्या काळात आडनाव आधी वाचून मग माणूस ठरवणारे पुष्कळ होते, मुख्य कार्यालयातही होते. मी म्हणालो, "लिहायचं काम माझं हाय."

साहेबांनी पास हातात घेतला, खालपर्यंत वाचला, खिशातून पेन काढलं आणि सही केली. मग पास मला परत देण्याआधी तो त्यांनी जीपवाल्याला दाखवला आणि म्हणाले, "खोकं हळू ने रे. यात परभणीचं काहीतरी आहे."